यात्रेला पट्टी देतो, मग उमेदवाराला का नाही?

आज पैशांबद्दल बोलू. निवडणुकीतल्याच, पण नेहमीच्या नाही. नेहमीचे म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री वरून खाली येणारे, ज्यांना आपण हसत हसत लक्ष्मीदर्शन म्हणतो. मला बोलायचंय ते खालून वर जाणाऱ्या पैशांबद्दल. मतदारानं उमेदवाराला दिलेले पन्नास, शंभर, फार तर पाचशे रुपये.

विषय का घेतला, तर जुन्नर आणि आंबेगावातली बरीच पोरंपोरी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "ताई, आमच्याकडं माणूस चांगला आहे. पण त्याच्याकडं पैसा नाही आणि तिकीट कुणी देणार नाही." यात दोन अडचणी आहेत असं वाटतं, एक पैशाची, एक तिकिटाची. माझं म्हणणं असं, की ही एकच अडचण आहे. आणि ती सोडवायचं निम्मं सामान आपल्या गावात आधीच पडून आहे.

कुठं? यात्रेत.

चैत्र जवळ आला की काय होतं, आठवा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या गाड्या भरून येतात आणि सुपारी देऊन जातात. तमाशा झाला, मग बैलगाड्यांच्या घाटाची बक्षिसं, मांडव, दिवे, पालखीचं बँड पथक, भंडारा. छोट्या गावाचाही खर्च काही लाखांत जातो. हा पैसा कोण देतं? घरटी पट्टी बसते. वाडी-आळीनुसार वसुलीला माणसं ठरलेली असतात. मुंबईला आणि चाकणला असलेल्यांची वेगळी यादी असते. पावती फाडली जाते, स्पीकरवरून नाव पुकारलं जातं, आणि यात्रा उरकली की देवळात हिशेब वाचला जातो. तिथं एखादे आजोबा हमखास उठतात, "नारळ एवढे महाग कसे आणले?" म्हणून. कमिटीला उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं, तर पुढच्या वर्षी त्या कमिटीला कुणी दारात उभं करत नाही.

घरांची यादी, वसुली करणारी ओळखीची माणसं, पावती, जाहीर हिशेब. निवडणुकीत सामान्य माणसाकडून पैसा गोळा करायचा, तर जगभर लोक हेच उभं करायला धडपडतात. आपल्याकडं ते देवाच्या नावानं कित्येक पिढ्या चालू आहे. तरी उमेदवारासाठी वर्गणी मागायला निघालं की तीच माणसं म्हणतात, "इलेक्शनला कोण पैसे देतंय का? उलट त्यानंच द्यायचे असतात."

आता जरा लांब जाऊ, कारण तिथं हा प्रकार फार उघड्यावर चालतो. अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मका, सोयाबीन, डुकरं. लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. पण १९७० च्या दशकापासून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत या राज्याला भलतंच महत्त्व आलं. तिथं पक्षाचा उमेदवार दिल्लीत किंवा मुंबईत कुणाच्या बंगल्यावर ठरत नाही. एकेका राज्यातले पक्षाचे मतदार तो ठरवतात, आणि त्यात पहिला नंबर बरीच वर्षं आयोवाचा असायचा.

पद्धत ऐका. जानेवारी-फेब्रुवारीची कडाक्याची थंडी. संध्याकाळी गावातले पक्षाचे समर्थक शाळेच्या हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये जमतात. डेमोक्रॅटिक पक्षात २०२० पर्यंत मतपेटी नव्हती. ज्याला जो उमेदवार पसंत, त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. डोकी मोजायची. सर्वसाधारणपणे ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्क्यांहून कमी माणसं, त्याचा गट बाद. मग बाकीचे कोपरे त्या माणसांना हाका मारायला लागतात, "अहो, इकडं या!" शेजारी शेजाऱ्याला ओढतो, मेव्हणा मेव्हण्याला समजावतो. आपल्या ग्रामसभेत कोरम भरत नाही म्हणून सह्या घ्यायला घरोघर फिरतात, तिथं असं काही कल्पून बघा.

या पहिल्या मुक्कामात जिंकून काही पद मिळत नाही. पण पुढच्या राज्यांतल्या लोकांना कळतं, की याच्यामागं खरोखर माणसं आहेत. बातम्या होतात, देणग्या वाढतात. हरला तर तोच नळ बंद. म्हणून तिथली मंडळी वर्षभर आधीपासून गावोगाव फिरतात, स्वयंपाकघरात बसून चहा पितात.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली हॉवर्ड डीन यांची. व्हर्माँट या छोट्या राज्याचे माजी गव्हर्नर. २००३ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्या जमवून सगळ्यांना चाट पाडलं. फेसबुकही नव्हतं तेव्हा. लोक वेबसाइटवर एकमेकांना शोधून आपापल्या शहरात बैठका भरवायचे. पैशात ते पक्षातल्या सगळ्यांच्या पुढं गेले. मग जानेवारी २००४ मध्ये आयोवात देशभरातून साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक उतरले, डोक्यावर भगव्याकडं झुकणाऱ्या नारिंगी टोप्या. दारोदार गेले. आणि १९ जानेवारीला डीन तिसरे आले, अठरा टक्क्यांच्या आसपास. पहिल्या आलेल्या जॉन केरींना अडतीसच्या आसपास मिळाले.

हरण्याची कारणं बरीच सांगतात, पण त्या टोप्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. बाहेरून आलेलं पोरगं, गावाची माहिती नाही, शेताचं नाव माहीत नाही, आणि दारात उभं राहून सांगतंय, मत कुणाला द्या. आपल्याकडं पुण्याहून इव्हेंट कंपनीची पोरं एकसारखे टीशर्ट घालून येतात ना, घोडेगावात पत्ता विचारत? तसंच.

दुसरी गोष्ट बराक ओबामांची, ३ जानेवारी २००८. त्यांच्या लोकांनी आयोवात महिनोन्‌महिने आधी छोटी छोटी कार्यालयं उघडली आणि कार्यकर्ते त्याच गावांत राहायला ठेवले. तिथल्याच माणसांना पुढं करून त्यांच्याकडून त्यांच्या शेजाऱ्यांची यादी करवली. २००४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या या सभांना सव्वा लाखाच्या आत माणसं आली होती, २००८ ला दोन लाख एकोणचाळीस हजारांच्या घरात. जे कधी आलेच नव्हते ते आले, म्हणून ओबामा जिंकले. पैसे दोघांनीही छोट्या देणगीदारांकडून जमवले होते. एकाकडं देणारा एका ठिकाणी होता आणि मतदार दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्यानं दोघांची गाठ घालून दिली.

(आयोवाचं पुढं काय झालं, तर २०२० ला निकाल कळवायचं ॲप गंडलं, मोठा तमाशा झाला, आणि २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षानं पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला. असो.)

आपल्या एका मराठी माणसानंही अमेरिकेत पक्षांतर्गत निवडणूक लढवली आहे. बेळगाव भागातले श्री ठाणेदार. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागितली, खिशातले लाखो डॉलर घातले आणि तिसरे आले. पुढं २०२२ ला ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, तो भाग वेगळा. पण त्या २०१८ च्या निकालात एक गोष्ट दिसते: स्वतःचा पैसा टाकला तर नाव सगळीकडं पोचतं, माणसं मागं आहेत की नाहीत ते मात्र मतमोजणीपर्यंत कळत नाही. वर्गणीचं उलटं असतं. ती आधीच सांगून टाकते.

आता घरी येऊ. आपल्याकडं तिकीट कसं मिळतं? इच्छुकांच्या मुलाखती होतात, सर्व्हे होतात, फ्लेक्स लागतात, आणि शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी गाडीतून एबी फॉर्म येतो. मतदाराला यात कुठंही जागा नाही. आपल्या राज्यात अमेरिकेसारखी पद्धत एकदा करून बघितली होती, हे फार जणांना आठवत नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं देशातल्या काही मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेऊन उमेदवार ठरवला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. लातूरला दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्याला सागर मेघे. मत द्यायचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि निवडलेल्या प्रतिनिधींना होता, साध्या मतदाराला नाही. दोघेही पुढं लोकसभेत पडले. त्या साली लाटच तशी होती, त्यामुळं पद्धतीला दोष देणं अन्यायाचं होईल. पण नंतर तिचं नावही कुणी काढलं नाही.

म्हणजे आपल्याकडं आयोवा नाही. होईल असंही दिसत नाही. मग आपले लोक काय करतात? तिकीट वाटून झाल्यावर स्वतःचा निकाल लावतात. जुन्नरचंच घ्या. २०१४ ला राज्यात मनसेचा एकच आमदार निवडून आला, तो जुन्नरचा, शरद सोनवणे. २०१९ ला तिथं राष्ट्रवादीचे अतुल बेनके आले. २०२४ ला पुन्हा सोनवणे, या वेळी अपक्ष. तुम्हाला यातलं कोण आवडतं, तो तुमचा प्रश्न. मी एवढंच म्हणते, की पक्षानं कुणाला फॉर्म दिला, याला जुन्नरचा माणूस फार भीक घालत नाही. आंबेगावात तर १९९० पासून दिलीप वळसे पाटील, जवळजवळ दगडावरची रेघ. पण २०२४ ला फरक होता १,५२३ मतांचा. दोन-तीन गावं इकडची तिकडं झाली असती तर चित्र बदललं असतं. जागा घट्ट आहे की सैल, हे मतमोजणीच्या दिवशी कळतं. आधी कळायचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो आपल्याच राज्यात वापरला गेलाय. कोल्हापूर-सांगलीकडं राजू शेट्टी. ऊस आणि दुधाच्या आंदोलनांतून वर आलेला माणूस. २००२ ला जिल्हा परिषद, २००४ ला शिरोळमधून आमदार, २००९ ला हातकणंगलेतून खासदार. त्यांच्या प्रचाराची ओळखच होती "एक व्होट, एक नोट". शेतकऱ्यानं मतही द्यायचं आणि नोटही द्यायची. समोर साखर कारखाने, दूध संघ, बँका असलेली घराणी. तिथं वर्गणी काढून निवडणूक लढवणं म्हणजे आधी सगळ्यांना वेडेपणा वाटला असणार. पण जो माणूस सभेत उठून नोट देतो, तो घरी जाऊन सांगतो, "मी दिलेत." मग त्याची बायको, भाऊ, बांधाचा शेजारी. नोटेची किंमत शंभर असेल, तिच्या मागं चार-पाच मतं येतात.

शेट्टी २०१४ ला पुन्हा जिंकले आणि २०१९ ला, २०२४ ला हरले. तेही सांगायला हवं. नोटेनं एकदा मिळालेला माणूस कायमचा आपला राहतो, असा काही कायदा नाही. देणारा दर वेळी नव्यानं ठरवतो. मला वाटतं, यात्रेच्या कमिटीसारखंच आहे ते.

आता माझा अनुभव, कारण त्यातून खरी अडचण कळेल. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीला आम्ही पाच-सहा जणांनी हे करून पाहिलं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. आणि पॅनलमध्ये कुणाला घ्यायचं हे दोन-तीन कारभारी ठरवतात, रात्री, कुणाच्या तरी पोल्ट्रीवर. आम्हाला एक काकू उभ्या करायच्या होत्या. बचत गट चालवणाऱ्या, हिशेबाला पक्क्या, नवरा टेम्पोवर ड्रायव्हर. कारभाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: "बाई चांगल्या आहेत, पण खर्च कोण करणार?"

आम्ही वाद घातला नाही. वही घेतली आणि घरोघर निघालो. पॅनल जाहीर व्हायच्या आधी, हे महत्त्वाचं. घरटी पन्नास रुपये मागायचे, जास्त दिले तरी पन्नासच घ्यायचे. जास्त घेतले की देणाऱ्याला वाटतं उमेदवार माझा, आणि शेजाऱ्याला वाटतं माझ्या पन्नासला काय किंमत.

पहिल्या दिवशी हसले लोक. दुसऱ्या दिवशी एका आजींनी चोळीतून वीस रुपये काढून दिले आणि म्हणाल्या, तीस रुपये दूध डेअरीचा हप्ता आला की देते. दिलेही. तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट समोर आली. एक दुकानदार दादा शंभर द्यायला तयार, पण म्हणाले, "नाव लिहू नको." का? त्यांच्या भावाचं कर्ज पतसंस्थेत, आणि पतसंस्थेतला माणूस दुसऱ्या पॅनलचा. एका घरी पोरगा कारखान्यात कामाला. एकीचं घरकुल मंजुरीला अडकलेलं. आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे, दूध आहे, सोसायट्या आहेत, पतसंस्था आहेत. माणूस सात ठिकाणी बांधलेला असतो. मत गुप्त असतं, वर्गणी गुप्त नसते.

आयोवातला माणूस सगळ्यांसमोर कोपऱ्यात जाऊन उभा राहू शकतो, कारण शेजाऱ्यानं त्याला बघितलं म्हणून त्याचं ऊसबिल अडत नाही. (अगदीच काही होत नसेल असं नाही, तिथंही गावच आहे.) आपल्याकडं नाव लिहिणं हे धाडस आहे. म्हणून वर्गणी मागायला जाणाऱ्या पोरांना मी सांगते, पैसा न देणारा माणूस तुमच्या विरोधात आहे असं समजू नका. तो कुठं बांधलेला आहे ते समजून घ्या. आणि त्याला दुसरं काही द्यायला सांगा. कुणी प्रचाराच्या दिवशी पोहे करून देतं. कुणी गाडीवर एक फेरी मारून येतं. एका दादांनी आम्हाला फक्त त्यांच्या वाडीतली मतदार यादी तपासून दिली: कोण मयत, कोण लग्न होऊन गेली, कोण पिंपरीला राहतो आणि मतदानाला यायला एसटीचे पैसे नाहीत म्हणतो. ती यादी पाच हजार रुपयांच्या वर होती.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला, हे आणखी उघड दिसतं. तिथं रोख पैसा कमी. भात निघालं की माणसं मजुरीला नारायणगाव-मंचरकडं उतरतात. हिरड्याचे पैसे हातात येतात तेही ठरावीक दिवसांत. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं झोडपली गेली, तेव्हा भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांनी पुढं वर्षानुवर्षं मोर्चे आणि उपोषणं केली. त्या मोर्चांचा खर्च कुणी शेठजी करत नव्हता. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत किसान लाँग मार्च निघाला, त्यातही माणसं आपलं धान्य बरोबर घेऊनच चालत होती. जिथं शिधा काढून लोक आंदोलनाला जातात, तिथं "लोक देत नाहीत" म्हणणं चूक आहे. फक्त क्यूआर कोड घेऊन गेलात आणि तो माणूस मजुरीला खाली उतरलेला असेल, तर दाराला कुलूपच दिसेल. आधी वेळ बघा.

काकूंचं काय झालं? दीडशेच्या वर घरांची नावं आणि रक्कम असलेली वही घेऊन आम्ही पोल्ट्रीवर गेलो. रक्कम फार नव्हती, साडेसात-आठ हजार. कारभाऱ्यांनी पैशाकडं बघितलंच नाही. एकानं वही ओढून घेतली आणि पानं उलटत बसला, कुणाकुणाची नावं आहेत बघत. काकूंना पॅनलमध्ये जागा मिळाली. वॉर्डात त्या आल्या, पॅनल पडलं. पुढची गंमत अशी, की निवडून आल्यावर महिन्याभरात बायका त्यांच्या दारात. "माझे पन्नास आहेत, नळ कधी येणार?" काकू वैतागून मला म्हणाल्या, "लक्ष्मीदर्शन केलं असतं तर एवढं कुणी विचारलं नसतं गं." खरंय. ज्यानं पाचशे घेतले त्याचा व्यवहार संपला. ज्यानं पन्नास दिले त्याचा सुरू झाला.

आता नियमांचं थोडं, कारण इथं पोरं घाबरतात. विधानसभेचं उदाहरण घेते. अनामत रक्कम दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. अपक्षाला दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. खर्चाची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख. पक्षाच्या मोठ्या नेत्यांच्या प्रचाराचा खर्च बराचसा पक्षाच्या खात्यात जातो आणि पक्षाला मर्यादाच नाही, हा त्यातला विनोद. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, तेही अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडायचं. एका माणसाकडून दहा हजारांच्या वर रोख नको, त्यापुढं चेक किंवा ऑनलाइन. हिशेबाच्या वहीत तीन भाग: रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा, हरलेल्यानंसुद्धा. न देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. कुणी प्रेमानं गाडी वापरायला दिली तरी तिचं बाजारभावानं भाडं खर्चात धरावं लागतं, हे लक्षात असू द्या.

खर्च मोजतात तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. म्हणजे मी ज्या काळाबद्दल बोलतेय, तिकिटाच्याही आधीचा, त्याचा हिशेब तुम्हाला कुणी विचारणार नाही. म्हणूनच तो सगळ्यात चोख ठेवायला हवा. पैसे एका पोराच्या गुगल पे वर गोळा करू नका, कितीही सज्जन असला तरी. घरात आजारपण निघतं, मोबाईल हरवतो, आणि मग गावभर चर्चा. तीन जणांच्या सहीनं चालणारं खातं काढा, त्यातली एक बाई असू द्या. दर आठवड्याला ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो टाका. ज्यांना नाव नकोय त्यांच्याकडून पैसेच घेऊ नका, त्यांची मदत दुसऱ्या रूपात घ्या. बिननावाचे पैसे आत आले, की उद्या कुणीही म्हणेल अमक्या बिल्डरनं दिले, आणि तुमच्याकडं उत्तर नसेल.

दुबईतल्या भावाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मामांकडून एक रुपयाही घेऊ नका, उमेदवाराला ते चालत नाही. आणि करसवलत नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीवर मिळते, अपक्षाला दिलेल्यावर नाही. पन्नास रुपयांवर ती कुणी मागणारही नाही म्हणा.

एक गोष्ट मात्र पहिल्या पावतीच्या आधी ठरवायची: माणूस उभाच राहिला नाही तर काय? असं होतं. तिकीट मिळालं नाही, घरच्यांनी माघार घ्यायला लावली, किंवा समोरच्यानं काहीतरी देऊन बसवलं. माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत काय काय घडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी लोकांचे पैसे कुठं जाणार? आम्ही पावतीच्या मागं दोन ओळी लिहिल्या होत्या. काकू उभ्या राहिल्या नाहीत तर पैसे ज्याचे त्याला परत, आणि निवडणूक होऊन काही उरले तर शाळेच्या पाण्याच्या टाकीला. काकूंनी त्या ओळी वाचून आधी त्यावर सही केली, मगच पहिली पावती फाडली. शेवटी अकराशे चाळीस रुपये उरले. टाकीला त्यातून फक्त नळ आणि झाकण आलं. झाकणाची पावती वहीत शेवटच्या पानावर चिकटवलेली आहे.